भाग दोनमधलं आमचं घर

वरवंडच्या आमच्या घरात भूत नेलं ते मीच. आई आजही आल्यागेल्याला तसंच सांगते, "पोरीनं आणलं," आणि आप्पा पेपरातून डोकं वर न काढता दुरुस्ती करतात, "भूत न्हाई. शूटिंग."

मी शिरूरला राहते. नवऱ्याची नोकरी एमआयडीसीत, माझी एका शाळेच्या ऑफिसात. आमच्या गल्लीच्या टोकाला एक दुमजली घर आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आप्पा मुलगा बघायला म्हणून शिरूरला आले आणि मुलाआधी त्यांच्या नजरेत ते घर भरलं. आतून वळण घेत वर जाणारा जिना, जिन्याच्या मधोमध गोल खिडकी, मागच्या बाजूला लांबच लांब ओटा. आप्पा रेल्वेतून रिटायर व्हायला आले होते आणि वरवंडला रस्त्याकडेच्या आमच्या जागेवर घर बांधायचं त्यांच्या डोक्यात होतं. ते घरमालकाकडं गेले, गवंड्याचं नाव-गाव विचारून घेतलं आणि त्याला थेट वरवंडला घेऊन आले. "हेच घर पाहिजे," त्याला सांगितलं, "काय कमी न्हाई, काय जास्त न्हाई." गवंडी शब्दाचा पक्का निघाला. माझ्या माहेरी गेलं की मला सासरच्या गल्लीत आल्यासारखं वाटायचं, आणि गल्लीतून जाताना माहेर दिसायचं.

पुढं काही वर्षांनी पुण्याची सिनेमावाली मंडळी शिरूरला आली आणि त्या घरात एका भुताच्या सिनेमाचं शूटिंग झालं. एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं आणि जिन्यात त्यांना एक बाई दिसायला लागते, अशी गोष्ट. सिनेमा चालला. मग तो मोबाईलवर आला आणि आणखी चालला. घरमालक मात्र वैतागले. येणारेजाणारे फाटकातून आत डोकवायचे, कोणी जिन्याचा फोटो मागायचं, वरच्या मजल्याला भाडेकरू टिकेना. शेवटी त्यांनी गोल खिडकी विटांनी बुजवली, सगळ्या घराला पोपटी रंग दिला आणि विषय संपवला.

त्याच वर्षी सिनेमावाले भाग दोन करायला परत आले. मी भाजी घेऊन येत होते. दिग्दर्शिका घरासमोर उभी होती. पंचविशी-तिशीची मुलगी, केस वर बांधलेले. पोपटी भिंतीकडं बघत तिनं कपाळाला हात लावला होता. पहिल्या शूटिंगपासून तोंडओळख होती. मला बघून म्हणाली, "ताई, आमचं घरच गेलं."

का कोण जाणे, मी बोलून गेले, "अगदी असंच घर आमच्या वरवंडला आहे."

मोबाईलमध्ये फोटो शोधला. आई अंगणात कुरडया वाळत घालत होती तेव्हाचा होता. तिच्या मागं गोल खिडकी. त्या मुलीनं आईला बोटानं बाजूला सारलं, खिडकी मोठी करून पाहिली आणि म्हणाली, "उद्या जाऊया?"

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. ती म्हणजे आप्पा.

आप्पा मालगाडीचे गार्ड होते. दौंडहून कधी मनमाडच्या बाजूला, कधी सोलापूरच्या बाजूला. गाडी पाऊण किलोमीटर लांब, इंजिनात दोघं जण, आणि अगदी शेवटच्या डब्यात एकटे आप्पा, एक कंदील आणि दोन झेंडे. सिग्नल मिळाला नाही तर गाडी कुठंही रानात तासन्‌तास थांबायची. रेल्वे कॉलनीत सगळे त्यांना विचारायचे, "कधी काय दिसलं का हो?" आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "कोल्हं दिसलं, दारू प्यायलेली माणसं दिसली, एकदा एक रेडा दिसला. भूत असतं तर एकट्या माणसाला एवढी वर्षं सोडलं असतं व्हय?"

त्यांना भुताचा नुसता कंटाळा नव्हता, राग होता. लहानपणी वस्तीत त्यांनी पाहिलं होतं, माणूस आजारी पडला की डॉक्टरच्या आधी देवऋषी यायचा आणि कोंबडं घेऊन जायचा. आम्ही बौद्ध. आप्पांच्या दृष्टीनं भूत, भानामती, उतारा हे सगळं वाडवडिलांनी एकदा ओझ्यासारखं खाली ठेवलं होतं, आणि ते परत डोक्यावर घ्यायचं नव्हतं. वरवंडला शेजारची सून अंगात आल्यासारखी घुमायला लागली, सगळे लिंबू शोधत होते, तेव्हा आप्पांनी तिला सासूसकट रिक्षात घालून दौंडला डॉक्टरकडं नेलं. अंगात रक्तच नव्हतं पोरीच्या. महिनाभर गोळ्या घेतल्या आणि बरी झाली.

आणि ह्या माणसाच्या बायकोला भुताच्या सिनेमांचं वेड! आई अंगणवाडीत सेविका होती. दुपारी पोरं घरी गेली, रजिस्टरं झाली, की घरी येऊन पंख्याखाली मोबाईल घेऊन बसायची. पदर तोंडावर, एक डोळा उघडा. "भ्यालं की कसं मोकळं मोकळं वाटतं," असं तिचं म्हणणं. शिरूरच्या घरातला पहिला भाग तिनं चारदा पाहिला, कारण तो जिना आपलाच, ती खिडकी आपलीच. नंतर आठवडाभर ती गच्चीवरच्या मिरच्या आणायला एकटी जाईना. आप्पाच वर जायचे, जाताना बडबडायचे, "दिवसभर चाळीस पोरं सांभाळती आन् जिन्याला भीती."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो. न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला, वरवंड. वाटेत मी दिग्दर्शिकेला आप्पांबद्दल थोडं थोडं सांगत गेले, म्हणजे एकदम धक्का बसायला नको. घरापुढं गाडी थांबली तर ती उतरून आधी जिन्याकडं पळाली. पुढच्या खोलीत आप्पा बसले होते, त्यांना तिनं पळता पळता नमस्कार केला. जिन्यातून तिचा आवाज आला, "तंतोतंत!"

"काय तंतोतंत?" आप्पांनी मला विचारलं.

मी सांगितलं. आप्पांनी चष्मा काढला. "माझ्या घरात? भूत?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर फार कमी वेळा पाहिलं आहे. "म्हंजी भाग दोन? आपल्यात? ती जिन्यातली बाई हितं येणार?"

"कोण येत न्हाई," आप्पा म्हणाले.

दिग्दर्शिका येऊन आप्पांसमोर बसली. हुशार मुलगी होती. तिनं विनवण्या केल्या नाहीत. ती म्हणाली, "काका, भूत खोटं असतं हे आमच्याएवढं कुणालाच माहीत नाही. आम्हाला ते रोज सकाळी दोन तास बसून रंगवावं लागतं."

आप्पांना हे वाक्य आवडलं. त्यांनी ते दाखवलं नाही, पण चष्मा परत घातला. मग अटी सुरू झाल्या. पुढच्या खोलीत बुद्धांची मूर्ती आणि फोटो होते. त्या भिंतीला हात लावायचा नाही, तिथं एकही सीन घ्यायचा नाही. दिग्दर्शिका म्हणाली, कबूल. घरात लिंबू-मिरची, बाहुली, कवटी असलं काही आणायचं नाही. ती म्हणाली, कबूल. आणि मांत्रिक माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

इथं ती थांबली. "काका, शेवटी मांत्रिक येऊन तिला घालवतो ना."

"मग त्येला दुसरीकडं न्या."

शेवटी तसंच झालं. मांत्रिकाचा सीन त्यांनी शिरूरलाच एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये घेतला. सिनेमात मांत्रिक आमच्या फाटकातून आत येतो, दार उघडतो आणि एकदम शिरूरला पोचतो. पाहणाऱ्याला कळत नाही. आम्हाला कळतं.

नोव्हेंबरात शूटिंग सुरू झालं. मी रजा काढून माहेरी गेले, कारण हे सगळं मी लावून दिलं होतं आणि काही बिघडलं तर निस्तरायला मीच हवी होते. सगळी रात्रीची दृश्यं दिवसाच घ्यायची होती. खिडक्यांना काळी कापडं लावली, दारांच्या फटी बुजवल्या, आणि बाहेर टळटळीत ऊन असताना आत मध्यरात्र झाली. आई कपडे वाळत घालून आत आली की अंधारात ठेचकाळायची. "दुपारचं दोन वाजलेत आन् मला झोप यायला लागली," म्हणायची.

भुताचं काम करणारी मुलगी बारामतीकडची होती, नाटकातून आलेली. दोन तास तिच्या चेहऱ्यावर काम चालायचं. पांढरी बुबुळं, काळे ओठ, गळ्यावर निळ्या शिरा. मग तासन्‌तास तिचा नंबर यायचा नाही, तेव्हा ती स्वयंपाकघरात आईजवळ येऊन बसायची आणि मेथी निवडायची. पहिल्या दिवशी आई तिच्याकडं बघेना. चहा दिला तोसुद्धा मान वळवून. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं विचारलं, "काकू, मेथीत मूगडाळ घालता का तुम्ही?" आणि आईची भीती तिथंच संपली. माणूस एकदा मूगडाळीवर आलं की त्याला घाबरणार कसं?

एकदा सिलेंडरवाला आला. आई मागं होती, मी वर. दार भुतानं उघडलं. आतून आईला हाक मारली, "काकू, सिलेंडर आलाय." मी जिन्यातून खाली येईपर्यंत भरलेला सिलेंडर दारात आडवा पडला होता, फाटक सताड उघडं होतं आणि टेम्पो पाटसच्या दिशेनं निघून गेला होता. रिकामा सिलेंडर न्यायचाच राहिला. ती बिचारी मुलगी रडवेली झाली. "मी विसरलेच हो, मी कशी दिसतेय ते." आप्पा स्वतः मोटरसायकलवर एजन्सीत गेले आणि त्या माणसाला समजावून आले. येताना हसत होते. शूटिंग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

आप्पांचं मन वळायला खरं कारण मात्र ऊस झाला. हंगाम नुकताच लागला होता. दिवसभर कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर जायचे, दोन दोन ट्रॉल्या, आणि वर स्पीकरवर गाणी. आत भूत हळूच जिना उतरतंय, सगळे श्वास रोखून उभे आहेत, आणि बाहेरून ढणाढणा लग्नाचं गाणं. साउंडवाला कानावरचं यंत्र काढून जमिनीवर बसायचा. दोन दिवस आप्पांनी हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून त्यांनी त्यांचे झेंडे काढले. एक हिरवा, एक लाल. शिट्टीही होती.

"तुमचा सीन सुरू व्हायच्या आधी मला खूण करा," दिग्दर्शिकेला म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

ट्रॅक्टरवाल्यांना पहिल्यांदा काही कळलंच नाही. भर रस्त्यात एक म्हातारा खाकी टोपी घालून लाल झेंडा दाखवतोय. पण लाल झेंड्यात काहीतरी असतं, माणूस थांबतोच. आप्पा जवळ जाऊन सांगायचे, "तेवढं गाणं बंद करून पुढं जावा. आत काम चाललंय." शॉट झाला की आतून कुणीतरी हात हलवायचं, आप्पा हिरवा झेंडा दाखवायचे आणि गाणी परत सुरू. आणखी दोन-तीन दिवसांत ट्रॅक्टरवाले लांबूनच आवाज बंद करून यायला लागले. "आप्पा, चाललंय का आत?" विचारायचे. आप्पांनी एक वहीही केली होती, जुन्या सवयीनं. मी ती पाहिली. "१०.१० भूत जिन्यात. १०.४० भूत परत जिन्यात. ११.०५ चहा. ११.२० लाईट गेली, जनरेटर. ११.२५ भूत जिन्यात."

शेवटून दुसऱ्या दिवशी अडचण आली. नायिका जिन्यात भुताला पहिल्यांदा पाहते आणि किंचाळते. सगळ्या सिनेमातली मोठी किंकाळी तीच. पण नायिकेचा घसा बसलेला. तिनं ओरडायचा प्रयत्न केला की दार करकरल्यासारखा आवाज यायचा. दिग्दर्शिका म्हणाली, तोंड उघडलेलं दिसू दे, आवाज नंतर कुणाचा तरी घालू. मग तिथल्या बायकांना एकेक करून ओरडायला लावलं. मेकअपवालीला हसू आलं. मी ओरडले तर साउंडवाला म्हणाला, "ताई, झुरळ बघितल्यासारखं झालं." भुतानंही ओरडून पाहिलं. तिचा आवाज फार गोड होता.

आई कोपऱ्यात उभी होती. दिग्दर्शिका सहज म्हणाली, "काकू, तुम्ही?"

"मला न्हाई जमायचं बाई ते."

"डोळे मिटा. आयुष्यात सगळ्यात जास्त कधी घाबरला होता, ते आठवा."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग डोळे मिटले.

मला ती गोष्ट ऐकूनच माहीत आहे, कारण मी चार वर्षांची होते. दौंड स्टेशनवर आई मला घेऊन आजोळी निघाली होती. नळावर पाण्याची बाटली भरायला ती वाकली आणि मी समोर उभ्या असलेल्या दुसऱ्याच गाडीत चढले. आत एक मुलगी बिस्किट खात होती म्हणे. आई वळली तर मी नाही. आणि त्या गाडीनं शिट्टी दिली. तेव्हा आईनं माझ्या नावानं जी हाक मारली ती सगळ्या यार्डात ऐकू गेली असं म्हणतात. आप्पा त्या दिवशी ड्यूटीवर होते, तीन लाईन पलीकडं त्यांची मालगाडी उभी होती. ते रूळ ओलांडून पळत आले तोपर्यंत एका हमालानं मला काखोटीला मारून खाली आणलं होतं. माझ्या हातात अर्धं बिस्किट होतं.

आमच्या स्वयंपाकघरात, काळ्या कापडांच्या अंधारात, आई ओरडली.

मग साउंडवाल्यानं हळूच कानावरचं यंत्र काढलं आणि आईच्या पाया पडला. आई गोंधळली, पदरानं तोंड पुसलं. मी जवळ गेले तर म्हणाली, "तुझंच नाव घेतलं. नुसतं तोंडातल्या तोंडात ठिवलं."

आप्पा त्या दिवशी घरी नव्हते. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला दौंडला बँकेत गेले होते. संध्याकाळी आले तेव्हा आई मला डोळ्यानंच म्हणाली, सांगू नको. तिला लाज वाटत होती. ह्या वयात, ह्या माणसाची बायको असून भुताच्या सिनेमात ओरडले, असं काहीतरी. मीही बोलले नाही.

सिनेमा पुढच्या उन्हाळ्यात आला. दौंडच्या थिएटरात लागला, तेव्हा आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा, आई, आप्पा, अंगणवाडीच्या मदतनीस बाई, आणि आमच्या शेजारचे टेलर चाचा त्यांच्या घरच्यांसह. भुताचा झगा चाचांनीच शिवून, मग दिग्दर्शिकेच्या सांगण्यावरून फाडून दिली होती. चांगली शिवलेली वस्तू फाडायची ह्याचं दुःख त्यांना अजून आहे. शिवाय वरवंडची आणखी बरीच माणसं आपापली आली होती. निम्मं थिएटर आमच्याच ओळखीचं.

त्यामुळं झालं असं की पहिला तासभर कुणी घाबरलंच नाही. पडद्यावर अंधार, धूर, मागं वाऱ्याचा आवाज, कॅमेरा सावकाश स्वयंपाकघरात शिरतो, आणि मागून कोणीतरी बाई म्हणते, "अगं, ती मांडणी बघ! मला वाटलं हिनं विकली." भूत पायऱ्या उतरतं, तर चाचा आपल्या बायकोला सांगतात, "ती डावीकडची चीर मी मारली." मांत्रिक फाटकातून आत आला आणि शिरूरच्या हॉलमध्ये निघाला तेव्हा आप्पा मोठ्यांदा म्हणाले, "गेला बघ न्हावऱ्यावरनं." पुढच्या रांगेत बाहेरगावची चार पोरं होती. ती बिचारी पैसे देऊन घाबरायला आली होती. एकानं वळून विचारलं, "काका, तुम्ही सगळे एका घरातले का?"

मग तो जिन्याचा सीन आला. नायिका खाली उभी आहे. वर गोल खिडकीतून थोडा उजेड येतो. ती मान वर करते. तोंड उघडते.

आईचा आवाज थिएटरभर गेला. मोठ्या स्पीकरवर तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या शेजारून आप्पा ताडकन उभे राहिले.

"कुठं हाय?" ते म्हणाले. "पोरगी कुठं हाय?"

ते अंधारात दोन्हीकडं बघत होते. पुढं काय चाललंय, आपण कुठं आहोत, हे त्यांना त्या क्षणी काही माहीत नव्हतं. मागून आवाज आले, "ओ काका, खाली बसा!" मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. "आप्पा. आप्पा, मी इथं आहे." त्यांनी खाली माझ्याकडं पाहिलं. मी दोन लेकरांची आई, मांडीवर पॉपकॉर्नचा पुडा. त्यांना मी ओळखू यायला थोडा वेळ लागला. मग ते बसले. पलीकडं आई पदर तोंडाला लावून बसली होती, आणि पडद्याकडं बघतच नव्हती.

पुढची पोरं मात्र आता खरंच घाबरली होती, एकमेकांना धरून बसली होती, म्हणजे त्यांचे पैसे वसूल झाले.

बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं. समोरच्या हॉटेलात चहा सांगितला. आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायले नाहीत.

"सांगायचं तरी," ते आईला म्हणाले.

"काय सांगायचं? भुताच्या पिच्चरमंदी वरडली म्हणून?"

"स्टेशनावरला आवाज हाय त्यो."

"व्हय."

आप्पांनी चहा प्यायला. बशी खाली ठेवली. टेबलाकडं बघत म्हणाले, "मला वाटलं माझ्या एकट्याच्याच कानात ऱ्हायलाय." मग माझ्याकडं वळून, एकदम वेगळ्याच आवाजात, "भजी खाती का?"

आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली. चाचांनी दोन प्लेट आणखी मागवल्या.

नंतर आमच्याही घराचं शिरूरच्या घरासारखंच व्हायला लागलं. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, पोरं फाटकाशी उभी राहून फोटो काढायची. मला वाटलं, आता आप्पाही खिडकी बुजवणार. आप्पांनी उलटं केलं. त्यांनी फाटक उघडलं. "या," म्हणाले, "आत या, दाखवतो." सिनेमावाले जाताना काळी कापडं आणि एक धुराचं यंत्र तिथंच ठेवून गेले होते. आप्पा लोकांना जिन्यात उभं करायचे, कापड ओढायचे, अंधार करायचे, धूर सोडायचे, आणि मग कापड काढून सांगायचे, "हे बघा. हे भूत." गावातल्या शाळेच्या गुरुजींनी एकदा सातवीचा वर्ग आणला. आप्पांनी पोरांना वहीतलं वाचून दाखवलं, भूत किती वाजता जिन्यात गेलं आणि किती वाजता चहा प्यायलं. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही?" आप्पांनी वही मिटली. "माणूस हरवायची वाटती," म्हणाले. आईनं सगळ्यांना पोहे दिले.

त्या पावसाळ्याच्या शेवटी दिग्दर्शिकेचा फोन आला, माझ्यासाठी नव्हे, आईसाठी. पुण्यात एका स्टुडिओत तिच्या ओळखीच्या लोकांना किंकाळी हवी होती. दुसऱ्याच कुठल्या सिनेमासाठी. आई आधी नको म्हणाली, मग साडी कोणती नेसू म्हणाली. आप्पा सोबत गेले, पाटसहून सकाळच्या डेमू गाडीनं, पोळी-भाजीचा डबा घेऊन. मीही शिरूरहून पुण्याला गेले. काचेच्या खोलीत आई कानाला यंत्र लावून उभी, काचेबाहेर आम्ही. तिनं आम्हाला पाठ फिरवायला लावली, कारण आप्पांकडं बघून तिला ओरडता येईना, हसू यायचं. आठ वेळा ओरडली. त्या लोकांना आठवी आवडली.

परत येताना मी त्यांच्यासोबत वरवंडपर्यंत गेले. आईचा घसा पार गेला होता. स्टुडिओतल्या माणसानं सांगितलं होतं, उद्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरून ती खिडकीशी बसली. आमच्या घरात बोलायचं काम कायम आईचं, आप्पा आपले हं, हूं. पण त्या दिवशी समोर बायको गप्प बसलेली, गाडी चाललेली, आणि आप्पांना शांतता सहन होईना. हडपसरपासून ते जे सुरू झाले. कुठल्या लाईनवर कोणता सिग्नल बदलला, उरुळीला पूर्वी चहा कसा मिळायचा, जिन्यात ओल कुठून येते, तिला कोणतं सिमेंट लावायचं, माझ्या धाकट्याला सायकल कधी घ्यायची, काचेच्या खोलीत आई कशी उभी होती, तिसरी किंकाळी आठवीपेक्षा चांगली होती आणि त्या लोकांना त्यातलं काही कळत नाही. यवत गेलं, केडगाव गेलं, आप्पा थांबेनात. आई हसून हसून लाल झाली होती, पण तोंडातून आवाज काढता येईना.

शेवटी तिनं पिशवीतून मोबाईल काढला, चष्मा लावला, एका बोटानं बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि स्क्रीन आप्पांच्या तोंडासमोर धरली. मी वाकून वाचलं.

"पाटस आलं. उतरा आधी, मग बोला."